अटारीचा ‘पोलो’ (१९७८) : सुगंधाच्या बाटलीसाठी लिहिलेला आणि दुकानात कधीच न आलेला खेळ

रिकामा_खण

बाजारात न आलेल्या जुन्या व्हिडिओ गेम्सबद्दल जे लिहिले जाते, त्यात बहुधा गुप्तधनाचा सूर असतो. कुणाच्या तरी माळ्यावर खोके सापडते, त्यात चित्र नसलेले कार्ट्रिज निघते, त्याचा लिलाव होतो, आणि मग खेळापेक्षा बोलीचीच चर्चा जास्त होते. मला या धाग्यात अशा एका खेळाबद्दल लिहायचे आहे, ज्यात गुप्तधन म्हणावे असे फारसे काही नाही. पण १९७८ साली अटारी कंपनीत एखादा खेळ कुणाच्या गरजेतून जन्माला येत असे, हे तो त्या काळच्या कित्येक गाजलेल्या खेळांपेक्षा अधिक स्वच्छपणे दाखवतो. खेळाचे नाव ‘पोलो’, आणि तो लिहिला कॅरल शॉ यांनी.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. वॉर्नर कम्युनिकेशन्स या मोठ्या करमणूक समूहाने १९७६ मध्ये अटारी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकत घेतली. सप्टेंबर १९७७ मध्ये अटारीचे ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम’ हे घरगुती यंत्र बाजारात आले. १९८२ पासून त्यालाच अटारी २६०० म्हणू लागले. त्याच वॉर्नरचा वस्त्ररचनाकार राल्फ लॉरेन यांच्याबरोबर सुगंधद्रव्यांचा भागीदारीतला व्यवसाय होता, आणि १९७८ मध्ये त्या भागीदारीने पुरुषांसाठी ‘पोलो’ आणि स्त्रियांसाठी ‘लॉरेन’ अशी दोन कलोन एकाच वेळी आणली. एकाच मालकाच्या एका हातात खेळाचे यंत्र आणि दुसऱ्या हातात हिरवी बाटली असताना, बाटलीच्या प्रसिद्धीसाठी पोलोचा खेळ काढावा, असे कुणाच्या तरी मनात आले.

कॅरल शॉ बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राची पदवी आणि त्यानंतर संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९७८ मध्ये अटारीत रुजू झाल्या होत्या. तेथे त्यांनी केलेला पहिला खेळ हाच. जाहिरातीची ती योजना तडीस गेली नाही आणि खेळ विक्रीला आला नाही. मात्र त्याचा प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधीची नमुना प्रत, टिकला. त्याची नक्कल जुन्या खेळांच्या संग्राहकांमध्ये आज उपलब्ध आहे आणि ती इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, चालते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ‘पोलो’ला अपयशी किंवा हरवलेला खेळ म्हणून न पाहता कार्यालयीन कागदासारखे वाचावे. आपण सर्वांनी यात भर घालावी.

शंकेखोर

रिकामा खण, विषय चांगला मांडला आहे, पण मूळ मुद्दा मला पटलेला नाही. एका कलोनच्या प्रसिद्धीसाठी काढलेला, पुढे रद्द झालेला खेळ इतिहासात महत्त्वाचा का ठरावा? त्या यंत्रावर बाजारात न आलेले खेळ थोडे नाहीत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांचा ‘सॅबोटर’ घ्या. ‘यार्स रिव्हेंज’ आणि ‘ई.टी.’ लिहिणाऱ्या माणसाचा तो खेळ १९८३-८४ च्या सुमारास बासनात गेला आणि २००४ मध्ये ‘अटारी फ्लॅशबॅक’ या यंत्रात अधिकृतपणे लोकांपुढे आला. त्यात कौशल्य आहे, कल्पना आहे, खेळायला मजा आहे. त्याच्या शेजारी ‘पोलो’ ठेवला तर तो नवशिक्याचा पहिला प्रयत्न वाटेल. ज्या खेळाची त्या काळी कुणाला गरज नव्हती, त्याची आज आपल्याला का असावी?

रिकामा_खण

तुमचा प्रश्न योग्य आहे. मात्र खेळ म्हणून ‘पोलो’ श्रेष्ठ आहे असा माझा दावा नाही. ‘सॅबोटर’ का थांबला याचे उत्तर त्या काळाच्या पडझडीत शोधता येते: १९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती खेळांचा बाजार कोसळला आणि हाती असलेले बरेच काम सर्वच कंपन्यांनी सोडून दिले. ‘पोलो’ त्याच्या पाच वर्षे आधीचा. १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची घरगुती आवृत्तीही आलेली नव्हती, ती १९८० ची. घरच्या यंत्रावर कोणते खेळ खपतील याचा अंदाज तेव्हा खुद्द अटारीलाही नव्हता. अशा वेळी ‘आपल्याच समूहाच्या दुसऱ्या मालासाठी खेळ काढू’ हा विचार होऊ शकतो, आणि त्यासाठी एक प्रशिक्षित अभियंता नेमला जातो, याला मी महत्त्व देतो.

जाहिरातीच्या खेळांचा इतिहास साधारणपणे १९८३ पासून सांगितला जातो. कुत्र्यांच्या खाद्याच्या कंपनीसाठी काढलेला ‘चेस द चक वॅगन’, जॉन्सन अँड जॉन्सनचा ‘टूथ प्रोटेक्टर्स’, सरबताच्या पुडीचा ‘कूल-एड मॅन’ हे सगळे त्या सुमाराचे. कोका-कोलाने तर त्याच वर्षी अटलांटा येथे आपल्या विक्री अधिकाऱ्यांच्या संमेलनासाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बदलून घेतला. त्यात परग्रहवासीयांच्या जागी प्रतिस्पर्धी पेयाच्या नावाची अक्षरे होती आणि त्याच्या अवघ्या १२५ प्रती वाटल्या गेल्या. ‘पोलो’ या सर्वांच्या आधीचा आहे. तो विकला गेला असता तर या प्रकाराचा आरंभ पाच वर्षे मागे न्यावा लागला असता. विकला गेला नाही म्हणून कल्पनेचा आरंभही मागे न्यायचा नाही, असे म्हणता येईल का?

मैदानी

खेळाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण पोलो हा खेळ पडद्यावर आणणे किती अवघड आहे याची कल्पना आल्याशिवाय या नेमणुकीतली गंमत कळणार नाही. दोन्ही बाजूंना चार-चार घोडेस्वार, म्हणजे मैदानात एका वेळी आठ घोडे. पूर्ण मैदान ३०० यार्ड लांब, आणि कडेला फळ्या लावलेल्या असतील तर १६० यार्ड रुंद. सुमारे सात मिनिटांचा एक ‘चकर’. प्रत्येक गोलनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. चेंडूच्या मार्गरेषेवर पहिला हक्क कुणाचा, हा या खेळाच्या नियमांचा गाभा आहे. तो काढून टाकला तर घोड्यावर बसून खेळलेली हॉकी उरते.

आधुनिक पोलोचे मूळ मणिपूरमध्ये आहे आणि १८५९ मध्ये सिल्चरला पहिला क्लब निघाला, हे येथे बहुतेकांना ठाऊक असेल. त्या मैदानापासून राल्फ लॉरेनच्या बाटलीवरच्या घोडेस्वारापर्यंतचा प्रवास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, म्हणून येथे थांबतो. माझा प्रश्न एवढाच की आठ घोडे, आठ काठ्या आणि एक चेंडू हे सगळे त्या यंत्राला झेपणारे होते का?

सोल्डरवाला

मैदानी यांच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल. ज्यांना यंत्राच्या आतड्यांत रस नसेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावे.

त्या यंत्रात ६५०७ हा प्रोसेसर आहे आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११ लाख ९० हजार चक्रे इतका आहे. लिहिता-पुसता येणारी मेमरी एकूण १२८ बाइट. स्टॅकही (प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदींची जागा) त्यातच बसवायचा. पडद्याचे चित्र साठवून ठेवायला जागाच नाही. त्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर एक-एक ओळ काढत असताना, त्या ओळीत काय दिसायला हवे ते प्रोग्रामने त्याच क्षणी चित्राच्या चिपला सांगायचे असते. अमेरिकी टीव्हीच्या एका ओळीला प्रोसेसरची ७६ चक्रे मिळतात. एका सूचनेला दोन ते सात चक्रे लागतात हे लक्षात घेतले, म्हणजे एका ओळीत साधारणपणे पंचवीस-तीस सूचनांपलीकडे जाता येत नाही हे उघड आहे. खेळाचे नियम, गुण, चेंडूची दिशा यांचा हिशेब पडद्याच्या वरच्या आणि खालच्या न दिसणाऱ्या ओळींच्या वेळात उरकावा लागतो.

आता चित्राची चिप. ती मुळात ‘पाँग’ आणि ‘टँक’ या प्रकारचे खेळ घरी खेळता यावेत म्हणून आखलेली होती. म्हणून तिच्यात हलणाऱ्या वस्तू पाचच आहेत: आठ-आठ बिंदू रुंदीचे दोन खेळाडू, प्रत्येकाचे एक असे दोन गोळे आणि एक चेंडू. मागची पार्श्वभूमी वीस बिटांची, तीही अर्ध्या पडद्यापुरती. उरलेला अर्धा तिचीच पुनरावृत्ती किंवा प्रतिबिंब. कोणत्या वस्तू एकमेकींना भिडल्या हे मात्र ही चिप स्वतःहून नोंदवते, आणि अशा पंधरा जोड्यांची नोंद तिच्यात होते.

या दृष्टीने पाहिले तर पोलो हा त्या यंत्राला सोयीचा खेळही आहे आणि गैरसोयीचाही. दोन बाजू आणि एक चेंडू ही रचना त्या चिपच्या मूळ आराखड्यात तंतोतंत बसते. अडचण घोड्यांची आहे. एका खेळाडूच्या दोन किंवा तीन हुबेहूब प्रती शेजारी-शेजारी दाखवण्याची सोय चिपमध्ये आहे, पण त्या प्रती ठरावीक अंतरावर एकत्रच हलतात. आठ घोडे स्वतंत्रपणे पळवायचे असतील तर पडद्याचे आडवे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात तेच दोन खेळाडू नव्या जागी पुन्हा वापरावे लागतात. ही जागा बदलणेही सोपे नाही. खेळाडूचे आडवे स्थान आकड्याने लिहून देता येत नाही. किरण हव्या त्या जागी पोहोचेपर्यंत प्रोग्रामने वाट पाहायची आणि नेमक्या चक्राला ‘येथे’ असे सांगायचे. वाट पाहण्याचा छोट्यात छोटा फेरा पाच चक्रांचा, म्हणजे पंधरा बिंदूंचा. उरलेला फरक वेगळ्या सूचनेने डावीकडे-उजवीकडे सरकवून भरून काढायचा. या कामात एक-दोन ओळी खर्ची पडतात आणि तेवढ्या जागेत घोडा काढता येत नाही.

तात्पर्य, आठ घोडे पूर्ण स्वातंत्र्याने पळवणे त्या यंत्रावर शक्य नव्हते असे नाही, पण ते दोन किंवा चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, खेळाच्या इतर सर्व नियमांसह बसवणे फार कठीण होते. आणि हे काम पदवी घेऊन नुकत्याच आलेल्या व्यक्तीकडे होते.

मैदानी यांच्यासाठी एक गमतीची गोष्ट: तुम्ही मैदानाची रुंदी १६० यार्ड सांगितलीत, आणि या यंत्राच्या पडद्याची रुंदीही १६० बिंदूच आहे. योगायोगच, पण एका यार्डाला एक बिंदू मिळतो.

नदीकाठ

मी कॅरल शॉ यांना ‘रिव्हर रेड’मुळे ओळखते. एका यंत्रात शेकडो खेळ भरलेल्या नकली अटारींवर आमच्या पिढीने तो मनसोक्त खेळला. तो कुणी लिहिला हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. सोल्डरवाला यांचे स्पष्टीकरण वाचल्यावर त्या खेळाकडे मी नव्याने पाहिले. ती लांबच लांब नदी चार किलोबाइटमध्ये साठवलेलीच नव्हती. एका छोट्या गणिती प्रक्रियेतून ठरावीक क्रमाने आकडे निघत आणि त्या आकड्यांवरून काठ, बेटे, पूल, जहाजे आणि इंधनाची ठाणी तयार होत. सुरुवातीचा आकडा, म्हणजे बीज, तेच असल्याने प्रत्येक वेळी नदीही तीच. १९८२ मध्ये हा खेळ लिहिणाऱ्या व्यक्तीचा १९७८ चा पहिला प्रयत्न म्हणून ‘पोलो’ पाहण्यात मला जास्त अर्थ वाटतो. शंकेखोर, एखाद्या नामवंत चित्रकाराच्या पहिल्या वहीकडे आपण याच कारणाने पाहतो ना?

आणखी एक विचारायचे आहे. कॅरल शॉ या व्हिडिओ गेम लिहिणाऱ्या पहिल्या स्त्री, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग ‘पोलो’ हा स्त्रीने लिहिलेला पहिला घरगुती खेळ म्हणायचा का?

रिकामा_खण

नदीकाठ ताई, तसे म्हणता येणार नाही. जॉइस वाइसबेकर यांनी १९७६ मध्येच आरसीए कंपनीच्या ‘स्टुडिओ टू’ या यंत्रासाठी खेळ लिहिले होते. त्यांचे वडील जोसेफ वाइसबेकर यांनी त्या यंत्रातला १८०२ हा प्रोसेसर आखला होता, आणि जॉइस यांनी ते काम कंपनीच्या बाहेरून, कंत्राटी पद्धतीने केले. तेव्हा घरगुती यंत्रासाठी व्यावसायिक खेळ लिहिणारी पहिली स्त्री हा मान त्यांच्याकडे जातो. कॅरल शॉ यांच्याबद्दल ‘मोठ्या कंपनीत पगारी नोकरीवर हे काम करणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक’ असे म्हटले तर ते बिनचूक ठरते. अटारीतच कार्ला मेनिन्स्की यांनी ‘डॉज एम’ लिहिला, आणि आर्केडच्या (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या) विभागात डोना बेली यांनी एड लॉग यांच्याबरोबर ‘सेंटिपीड’ केला, पण हे दोन्ही ‘पोलो’नंतरचे.

याच संदर्भात एक प्रसंग वारंवार सांगितला जातो, आणि तो स्वतः शॉ यांनी मुलाखतीत सांगितलेला आहे. अटारीचे प्रमुख रे कॅसार एकदा प्रयोगशाळेत आले. हे गृहस्थ कापडधंद्यातून, बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या कंपनीतून आलेले होते. शॉ यांना पाहून, चला, आता आपल्याकडे एक स्त्री आली, ती सौंदर्यप्रसाधनांचे रंग जुळवण्याचे आणि घरसजावटीचे कार्ट्रिज करू शकेल, अशा आशयाचे ते काहीतरी बोलले. सहकाऱ्यांनी त्यांना ते मनावर न घेता हवा तो खेळ करण्याचा सल्ला दिला.

शंकेखोर

म्हणजे कलोनचा खेळ त्यांच्या वाट्याला आला तो स्त्री म्हणूनच, असे म्हणायचे आहे का?

रिकामा_खण

नाही, आणि तसे म्हणण्याचा मोह टाळावा असे मला वाटते. ‘पोलो’ हे कलोन पुरुषांसाठीचे होते. जाहिरात वॉर्नर समूहाच्या अंतर्गत व्यवहारातून आलेली होती. नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या हाती ती पडली, एवढे दिसते. कॅसार यांचा शेरा आणि ‘पोलो’ची नेमणूक एकमेकांना जोडून एक चटकदार गोष्ट तयार होते, आणि ती अनेक ठिकाणी तशी लिहिलीही जाते, पण दोन गोष्टी शेजारी-शेजारी असणे आणि एकीतून दुसरी निघणे यांत फरक आहे. बाजारात आलेल्या खेळाच्या बाबतीत अशा गोष्टी निदान पडताळता तरी येतात, कारण त्याचे खोके, माहितीपुस्तिका, जाहिराती, परीक्षणे असतात. न आलेल्या खेळाजवळ यांपैकी काहीच नसते. उरते ती कार्ट्रिजमधली चिप, आणि लिहिणाऱ्याने सांगितलेले. म्हणून तेथे अधिक काटेकोर राहावे लागते.

रॉचेस्टरकर

मी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये राहतो, म्हणून कागदपत्रांबद्दल थोडी माहिती देतो. येथे ‘द स्ट्राँग’ हे खेळांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. कॅरल शॉ यांनी २०१७ मध्ये अटारी आणि ॲक्टिव्हिजन या खेळांच्या कंपन्यांमधल्या आपल्या कामाचा संग्रह त्या संग्रहालयाला दिला. त्यात कार्ट्रिजे आहेत, पण माझ्या दृष्टीने खरे मोल आहे ते छापील सोर्स कोडला (प्रोग्राम मुळात जसा लिहिला त्या मजकुराला), रेखाटनांना आणि आराखड्यांच्या कागदांना. त्याच वर्षी त्यांना ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये ‘इंडस्ट्री आयकॉन’ हा सन्मानही मिळाला, आणि त्यानंतर त्यांचे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले.

छापील कोड महत्त्वाचा का, हे स्पष्ट करतो. चिपमधून आपल्याला मिळतात ते नुसते बाइट. त्यांचे उलट भाषांतर करून सूचना वाचता येतात, पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने जागांना दिलेली नावे आणि शेजारी लिहिलेले शेरे चिपमध्ये नसतात. एखाद्या बाइटला लेखिका चेंडूचा वेग म्हणत होती की घोड्याची दिशा, हे चिपवरून तर्काने काढावे लागते. कागदावर ते सरळ लिहिलेले असते. अटारी त्या काळी खोक्यावर प्रोग्रामरचे नाव छापत नसे. वॉरेन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’मध्ये आपले नाव एका गुप्त खोलीत लपवले ते याच कारणाने. १९७९ मध्ये अटारीतून चार प्रोग्रामर बाहेर पडून ॲक्टिव्हिजन निघाली, त्यामागे श्रेय आणि मोबदला ही दोन्ही कारणे होती. पुढे त्याच ॲक्टिव्हिजनने ‘रिव्हर रेड’वर कॅरल शॉ यांचे नाव ठळकपणे छापले. अटारीचे धोरण पाहता, ‘पोलो’ विक्रीला आला असता तरी खोक्यावर राल्फ लॉरेन यांचे नाव असते, शॉ यांचे नसते.

सोल्डरवाला

रॉचेस्टरकर यांनी चिपचा विषय काढला म्हणून प्रोटोटाइप प्रत्यक्षात कसा असतो ते सांगतो, कारण नव्या वाचकांना तो विक्रीच्या कार्ट्रिजसारखाच असेल असे वाटते.

विक्रीच्या कार्ट्रिजमधली मेमरी कारखान्यात कायमची कोरलेली असते. ती बनवून घ्यायची तर आधी मुखवटा, म्हणजे मजकूर चिपवर उमटवण्याचा साचा, तयार करावा लागतो, हजारोंच्या संख्येने मागणी द्यावी लागते आणि काही आठवडे थांबावे लागते. नंतर एकही अक्षर बदलत नाही. म्हणून काम चालू असताना इप्रॉम वापरतात. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. अतिनील प्रकाश तिच्यावर पाडला की मजकूर पुसला जातो आणि चिप पुन्हा लिहिता येते. त्या काळी २७१६ म्हणजे दोन किलोबाइटची आणि २७३२ म्हणजे चार किलोबाइटची चिप असे. खिडकीवर कागद चिकटवून त्यावर हाताने खेळाचे नाव आणि तारीख लिहीत. एक बारकावा असा की, यंत्राकडून कार्ट्रिजला निवडीचा जो संकेत येतो तो ‘उंच’ असतो, आणि सर्वसाधारण इप्रॉमला तो ‘खाली’ लागतो. त्यामुळे प्रोटोटाइपच्या पट्टीवर संकेत उलटवणारी एक जादा चिप (७४०४) असते. जुन्या पेटीत खिडकीची चिप आणि तिच्याशेजारी ७४०४ दिसली तर कान टवकारावेत.

इप्रॉममधला विद्युतभार दशकांच्या काळात गळत जातो आणि एखादा बिट मुकाट्याने बदलतो. म्हणून अशी चिप मिळाली तर आधी ती यंत्रात घालून खेळू नये. आधी वाचून घ्यावी, अनेकदा वाचावी, वाचने एकमेकांशी ताडावीत आणि फरक आला तर वेगवेगळ्या व्होल्टेजवर पुन्हा वाचावी.

पोटकलम

एक कायदेशीर बाजू नोंदवते, कारण नकला उतरवून घेण्याचा विषय निघालाच आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार १ जानेवारी १९७८ पासून निर्माण झालेल्या आणि नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा हक्क प्रकाशनापासून ९५ वर्षे किंवा निर्मितीपासून १२० वर्षे, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत टिकतो. ‘पोलो’ १९७८ चा आणि अप्रकाशित. म्हणजे १२० वर्षांचा हिशेब लागून तो २०९८ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहतो. गंमत अशी की तो खेळ त्याच वर्षी दुकानात आला असता तर त्याचे संरक्षण २०७३ मध्ये संपले असते. जे लोकांपर्यंत पोहोचले नाही ते पंचवीस वर्षे अधिक बंदिस्त, असा हा हिशेब आहे. संग्राहकांनी नक्कल उतरवून पसरवली म्हणून ते कायद्याने प्रकाशन ठरत नाही, कारण प्रकाशन हक्कधारकाच्या संमतीने व्हावे लागते.

शंकेखोर

पोटकलम यांचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. खेळाविषयीचे माझे मत बदललेले नाही. पण ‘कार्यालयीन कागद’ म्हणून त्याकडे पाहण्याला माझी हरकत उरलेली नाही. प्रश्न एवढाच राहतो की, खोके नाही, पुस्तिका नाही, तर असा प्रोटोटाइप पूर्ण झालेला होता की अर्धवट, हे कशावरून ठरवायचे?

सोल्डरवाला

त्या यंत्राच्या खेळांना काही ठरावीक सवयी होत्या, त्या तपासाव्यात. यंत्रावर खेळ निवडण्याचे, नव्याने सुरू करण्याचे, रंगीत किंवा कृष्णधवल टीव्ही निवडण्याचे आणि दोन्ही खेळाडूंच्या काठिण्याचे असे स्वतंत्र खटके आहेत. सुरुवातीच्या वर्षांत अटारी हे सगळे खटके कटाक्षाने वापरत असे. कृष्णधवलचा खटका दाबल्यावर रंगांच्या जागी वेगळ्या, नीट दिसणाऱ्या करड्या छटा आल्या, तर कुणीतरी शेवटचा हात फिरवलेला आहे असे समजावे. खेळाचे प्रकार बदलतात का, काठिण्याच्या खटक्याने खरोखर काही फरक पडतो का, तसाच सोडून दिला तर काही मिनिटांनी पडद्याचे रंग आपोआप बदलू लागतात का, हेही पाहावे. रंग बदलणे ही टीव्हीच्या काचेवर चित्राचा डाग पडू नये म्हणून घेतलेली खबरदारी होती आणि ती बहुधा शेवटी घातली जाई.

त्यानंतर चिपमध्ये पाहावे. पुसलेल्या इप्रॉमचा प्रत्येक बाइट २५५ वाचला जातो. अशा बाइटांची लांब रांग दिसली तर तेवढी जागा कधी भरलीच गेली नव्हती. उलट जागा काठोकाठ भरलेली असेल आणि एकच बाइट दोन कामांसाठी वापरलेला दिसला, तर लिहिणारा जागेशी झगडत होता, म्हणजे काम शेवटाकडे आलेले होते.

नदीकाठ

हे सगळे मला स्वतः पाहायचे आहे. यंत्र माझ्याजवळ नाही आणि असेंब्लीची (प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेची) तोंडओळख कॉलेजात झाली तेवढीच. सुरुवात कशी करावी?

सोल्डरवाला

ताई, ‘स्टेला’ हा विनामूल्य इम्युलेटर उतरवून घ्या. तो लिनक्स, विंडोज आणि मॅक अशा तिन्हींवर चालतो. त्याच्यात डीबगर आहे. खेळ चालू असताना तो उघडला की खेळ जागच्या जागी थांबतो आणि १२८ च्या १२८ बाइट एका तक्त्यात दिसतात. घोडा थोडा हलवावा, पुन्हा थांबवावे आणि कोणता बाइट बदलला ते पाहावे. स्थान, दिशा, गुण कोठे ठेवले आहेत ते अशाने एक-एक करून सापडते. मग एक-एक ओळ पुढे सरकवत चित्र कसे उमटते ते पाहा. त्याच खिडकीत पाचही वस्तूंच्या नोंदी दिसतात, त्यामुळे कोणत्या ओळीत कोणता खेळाडू नव्या जागी ठेवला गेला हे आपोआप कळते.

‘पोलो’ने सुरुवात करण्याआधी ‘काँबॅट’वर हात बसवा. तो १९७७ चा, दोन किलोबाइटचा आहे आणि त्याचा कोड अभ्यासकांनी ओळीगणिक शेरे लिहून समजावलेला आहे. दोन रणगाड्यांचा हिशेब समजला की दोन घोड्यांचा समजायला फार वेळ लागणार नाही.

रिकामा_खण

सोल्डरवाला यांच्या पद्धतीने कुणी ‘पोलो’चा मेमरीचा तक्ता तयार केला तर तो याच धाग्यात द्यावा. कृष्णधवलच्या खटक्याची तपासणी मी सुरू करतो; काठिण्याचे दोन खटके आणि खेळाचे प्रकार नदीकाठ ताईंनी घ्यावेत. मैदानी, गोलनंतर बाजू बदलतात का आणि चकराच्या वेळेचा काही हिशेब ठेवला आहे का, हे तुमच्याइतके नेमके कुणी पाहू शकणार नाही, तेवढे तुम्ही पाहावे.

मैदानी

पाहतो. मार्गरेषेच्या हक्काचा नियम त्यात कोणत्या रूपात आहे का, तेही तपासतो. तो कोडमध्ये दिसला नाही तर निदान घोडा चेंडूला कोणत्या बाजूने भिडला हे प्रोग्राम विचारात घेतो का, एवढे टकरीच्या नोंदींवरून कळायला हवे. सोल्डरवाला, त्या पंधरा जोड्यांपैकी खेळाडू आणि चेंडू यांची जोडी कोणत्या नोंदीत येते तेवढे सांगा.

सोल्डरवाला

खेळाडू शून्य आणि चेंडू यांची टक्कर ‘सीएक्सपी०एफबी’ या नोंदीच्या सहाव्या बिटात दिसते आणि खेळाडू एकची ‘सीएक्सपी१एफबी’च्या सहाव्या बिटात. सातवा बिट पार्श्वभूमीशी झालेल्या टकरीचा, त्याच्याशी गल्लत करू नका. एकदा लागलेला बिट प्रोग्रामने ‘सीएक्सक्लिअर’वर लिहून पुसेपर्यंत तसाच राहतो, म्हणून तो कधी पुसला जातो तेही सोबत टिपून ठेवा.